देवजीच्या पायातला संबळ

साखरशेतच्या देवजी महालेचे पाय पहिल्यांदा चिकटले ते त्याच्या स्वतःच्या घराच्या दारात. भात झोडून झालं होतं. अंगणात पेंढ्याचा ढीग पडला होता आणि देवजी आतून सूप घेऊन बाहेर यायला निघाला होता. उंबऱ्यापाशी आला आणि थांबला. त्याची बायको सोमी अंगणात भात वारवायला उभी होती. तिने हात पुढे केला.

"दे ना. वारा पडल मग."

"येतो," तो म्हणाला. पण येत नव्हता. कमरेपासून वरचं अंग पुढे झुकलं होतं, टाचा उचलल्या होत्या, पंजे मात्र जमिनीला खिळल्यासारखे. सोमीला वाटलं, थट्टा करतोय. स्वभावच तसा त्याचा. ती हसली. मग तिने त्याचा चेहरा पाहिला आणि हसू तोंडातच राहिलं. देवजी खाली स्वतःच्या पायांकडे असा बघत होता, जसे ते दुसऱ्या कुणाचे तरी आहेत.

थोड्या वेळाने पाय आपसूक सुटले. तो बाहेर आला, सूप तिच्या हातात दिलं आणि काही झालंच नाही अशा आवाजात म्हणाला, "मुंग्या आल्यासारखा झाला." पुढचे कितीतरी दिवस दोघांपैकी कुणीच ती गोष्ट काढली नाही.

हात आधीपासून थरथरत होता, पण हाताने कुणी पडत नाही. पायांचं वाढत गेलं. दार आलं की पाय थांबायचे. खाचराचा अरुंद बांध आला, मागून कुणी हाक मारली, वळायचं झालं, की थांबायचे. अंग पुढे जायचं, पाय मागे राहायचे आणि देवजी तोंडावर पडायचा. एकदा खळ्यात पडला आणि पुढचा दात गेला. तेव्हा त्यांचा मुलगा देवानंद, जो मोखाड्याला पंचायत समितीत कारकून होता, बापाला नाशिकला घेऊन गेला. डॉक्टरांनी सांगितलं, हा कंपवात. मेंदूचा आजार आहे, बरा होत नाही, गोळ्या जन्मभर. गोळ्यांनी हात पुष्कळ शांत झाला. पाय ऐकेनात.

सोमीला भीती लागली ती तेव्हापासून. ती विहिरीवर गेली तरी तिचं लक्ष घराकडे असायचं. भाकर थापताना बाहेर काही आपटलं की पिठाच्या हातानेच धावत यायची. बहुतेक वेळा काही नसायचं, लाकूड पडलेलं असायचं नाहीतर कोंबडीने टोपली पाडलेली असायची. मोखाड्याचा बाजार तिने सोडला. देवजी उभा राहिला की तिचा एक हात आपोआप त्याच्या पाठीमागे जायचा. त्याला ते आवडत नसे.

"मी काय लहान पोर हाय?"

"मी कुठं काय केला?" ती हात मागे घ्यायची. पुन्हा तो उठला की हात पुन्हा तिथेच.

दोन हजार आठ सालच्या उन्हाळ्यात जव्हारला एक शिबिर झालं. मुंबईच्या एका संस्थेची माणसं आली होती. चालता न येणाऱ्यांना आवाजाच्या मदतीने चालवता येतं का, हे त्यांना तपासून बघायचं होतं. त्यांच्याबरोबर नीता नावाची मुलगी होती. ती जव्हारचीच, एका शिक्षकाची लेक, मुंबईत फिजिओथेरपी शिकून आलेली. देवानंदने बापाचं नाव दिलं आणि पंधरवड्याने नीता जीपने साखरशेतला आली.

तिने पिशवीतून दोन रुंद पट्टे काढले. प्रत्येक पट्ट्यावर काडेपेटीएवढी काळी डबी शिवलेली होती, आणि डबीतून निघालेली वायर कमरेला बांधायच्या एका पेटीत जात होती. पेटीला छोटा स्पीकर होता.

"बाबा, हे पट्टे पोटऱ्यांना बांधायचे. तुमचा पाय किती उचलला, किती पुढे पडला, हे या डब्यांना कळतं. पाऊल नीट पडलं की पेटीतून आवाज येतो. पाऊल लहान झालं की आवाज बारीक होतो. थांबलात की तीही गप्प."

"म्हणजे चालीचा न्याय करणारी," देवजी म्हणाला.

"न्याय नाही. साथ."

पहिल्या दिवशी पेटीतून टूं-टूं असा आवाज आला, मागे जाणाऱ्या ट्रकसारखा. देवजी दचकला आणि अंगणाच्या मधोमध चिकटून उभा राहिला. सोमी धावली आणि तिने त्याचा दंड धरून ओढला. देवजी तिच्या अंगावर कोसळला. दोघं खाली पडली.

नीताने दोघांना उठवलं. सोमीला काही लागलं नव्हतं. नीता तिच्या शेजारी ओट्यावर बसली.

"मावशी, पाय चिकटले असताना ओढायचं नाही. वरचं अंग येतं, पाय येत नाहीत, म्हणून माणूस पडतो. मागून हाकही मारायची नाही. शेजारी जाऊन उभं राहायचं. आधी या पायावर भार, मग त्या पायावर, असं त्यांना डोलू द्यायचं. वेळ लागला तर लागू द्यायचा."

"डोळ्यासमोर पडत असला तरी ओढू नको?"

"कठीण आहे," नीता म्हणाली. "मला माहीत आहे."

मग तिने देवजीला विचारलं, त्याचे पाय कशावर नाचले आहेत. सोमीनेच सांगितलं की तरुणपणी तो बोहाड्यात सोंग घ्यायचा. मोखाड्याच्या यात्रेत लाकडी मुखवटा चढवून, मुखवट्याच्या बारीक भोकांतून जेमतेम दिसत असताना, नुसत्या संबळाच्या ठेक्यावर तो गर्दीतून नाचत जायचा.

"मग दिसत नव्हतं तर पाऊल कुठं टाकायचं हे कसं कळायचं?" नीताने विचारलं.

"संबळ सांगायचा," देवजी म्हणाला.

पुढच्या खेपेला नीता आली ती मोखाड्याच्या एका संबळवाल्याचं वाजवणं पेटीत भरून. पाऊल पडलं की धांग, दुसरं पडलं की तिडतिड. सलग चांगली पावलं पडली की मागून सनईही यायची. देवजी दारात उभा राहिला. पहिलं पाऊल नीताने त्याला डोलवून काढायला लावलं. धांग वाजलं. त्याने मान वर केली. दुसरं पाऊल त्याने स्वतः टाकलं, मग तिसरं, आणि उंबरा कधी ओलांडला हे त्याला कळलं नाही. अंगणाच्या कुंपणापर्यंत तो गेला. तिथे वळताना अडकला, डोलला, सुटला आणि परत आला. सोमीने पदर तोंडाला लावला होता.

जाताना नीताने पुन्हा पुन्हा बजावलं, पेटीला पाणी लागू द्यायचं नाही. आत बारीक यंत्र आहे, ओलं झालं की गेलं. संस्थेकडे अशा थोड्याच पेट्या आहेत. देवजीने मान डोलावली. त्याने घरातल्या सगळ्यात कोरड्या भिंतीवर, चुलीच्या बाजूला, एक खुंटी ठोकली आणि रोज काम झालं की पट्टे गुंडाळून पेटी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तिथे टांगायला लागला.

आता घरात संबळ वाजायला लागला. शेजारची पोशी हसून म्हणायची, "तुमच्याकडं रोजच बोहाडा." देवजी अंगणात फिरायचा, गोठ्यापर्यंत जायचा, गुरांना पेंढा टाकायचा. सोमी पुन्हा शेतावर जायला लागली. माळावर तिची नाचणी होती. तिथे वाकून काम करताना खालून, झाडांच्या पलीकडून, संबळाचा आवाज बारीक येत राहायचा. तो वाजतोय म्हणजे देवजी चालतोय.

पण त्याचंच तिला हळूहळू भय वाटायला लागलं. पूर्वी तिला काहीच ऐकू येत नसे आणि ती मनाला समजावायची की बसला असेल. आता आवाज यायचा आणि थांबायचा. थांबला की तिचे हात थांबायचे. पाणी प्यायला थांबला का? कुणी आलं का? की पडला? ती श्वास रोखून ऐकत राहायची. पुन्हा धांग वाजलं की खुरपं चालू. पुष्कळदा वाजायचं नाही आणि ती माळावरून धापा टाकत खाली यायची, तर देवजी ओट्यावर बसून पोशीशी गप्पा मारत असायचा.

"काय झाला?" तो विचारायचा.

"काय नाय. तहान लागली."

तो समजायचा. एकदा म्हणाला, "पट्टे माझ्या पायाला हायत, पण बांधून घातला तुला." ती तांब्याभर पाणी प्यायली, तहान नसताना.

श्रावणात एक दिवस सकाळपासून उघडीप होती. सोमी माळावर नाचणीतलं गवत बेणायला गेली. ऊन पडलं होतं, पण जव्हारच्या बाजूला डोंगर काळे झाले होते. तिकडे पाऊस असणार. खालून बराच वेळ संबळ ऐकू येत होता. मग थांबला.

ती थांबली. बसला असेल, तिने मनात म्हटलं, आणि खुरपं चालवलं. आज धावायचं नाही असं तिने ठरवलं होतं. आदल्याच दिवशी ती उगीच धावत गेली होती आणि देवजी चिडला होता. तिने एक ओळ बेणून संपवली. आवाज नव्हता. दुसरी ओळ धरली. गवताबरोबर तिने नाचणीचं चांगलं रोप उपटलं, ते हातात धरून बघत राहिली, मग ते टाकलं आणि उठली.

घरी आली तर दार उघडं होतं. ओटा रिकामा. गोठ्यात तो नव्हता. ती आत गेली आणि तिला खुंटीवर पेटी दिसली. पट्टे नीट गुंडाळलेले, पिशवीच्या तोंडाला गाठ मारलेली.

पेटी अंगावर असती तर तो कुठेतरी कोरड्यात पडलेला सापडला असता. पेटी त्याने जपून काढून ठेवली होती. म्हणजे तो पाण्याकडे गेला होता.

बाहेर पोशी तिच्या दारात तांदूळ निवडत होती. सोमीने विचारलं तशी ती म्हणाली, "अगं, मीच सांगितला त्यांना. पलीकडच्या तुमच्या खाचराचा बांध फुटलाय, पाणी सगळा वाहून चाललाय. ते म्हणाले, बघून येतो. मना वाटला, तुला बोलवायला माळावर जातील."

पलीकडच्या खाचराकडे जायला ओहळावरची फरशी ओलांडावी लागे. फरशी म्हणजे सिमेंटचा एक सपाट ठेंगणा पट्टा, कठडा नसलेला. एरवी तिच्याखालून पाणी जातं. वर डोंगरात पाऊस झाला की तिच्यावरून.

सोमी धावली. वाटेत चप्पल चिखलात राहिली. ओहळाचा आवाज तिला लांबूनच ऐकू आला आणि तो सकाळचा आवाज नव्हता.

देवजी फरशीच्या मधोमध उभा होता. तिच्याकडे पाठ, दोन्ही हात काठीवर, अंग पुढे झुकलेलं. तांबडं पाणी त्याच्या घोट्यांवरून वाहत होतं. खालच्या अंगाला, जिथे फरशी संपते, तिथे पाणी खडकांत आदळून उसळत होतं.

तिच्या घशात हाक आली होती. तिने ती दाताखाली दाबली. हाक मारली तर तो वळायला बघेल. वळला तर पडेल. पडला तर खडकांत. ती तोंडात पदर कोंबून पाण्यात उतरली. फरशीवर शेवाळ होतं. पाऊल टाकायच्या आधी ती बोटांनी चाचपत होती, आणि प्रत्येक पावलाला तिला वाटत होतं, मी पोचायच्या आत हा जाणार. त्याच्या सदऱ्याची पाठ घामाने भिजली होती.

ती वरच्या अंगाने त्याच्या शेजारी येऊन उभी राहिली.

"मी हाय," ती म्हणाली.

देवजीने मान वळवली नाही. नुसते डोळे फिरवले. "सोमे, पाय नाय येत."

"कवापासून उभा?"

"माहीत नाय. मी शिरलो तवा पाणी नुसता तळव्याला लागत होता."

तिच्या डोळ्यांदेखत पाणी घोट्यावरून चढत होतं. घराकडचा काठ पाठीमागे होता, पण तिकडे जायला त्याला वळावं लागलं असतं. ते शक्य नव्हतं. समोरचा काठच धरायला हवा होता.

"डोल जरा. ह्या पायावर. आता त्या."

तो डोलू लागला, पण वाहत्या पाण्याकडे त्याची नजर जायची आणि सगळं अंग लाकूड व्हायचं. सोमीने तोंडाने ठेका धरला, धांग, तिडतिड, धांग. पाण्याचा घोष एवढा होता की तिचा आवाज तिलाच ऐकू येईना.

"ऐकू नाय येत," देवजी म्हणाला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "तू जा काठाला. दोघं कशाला?"

ते ऐकून सोमीच्या मनात एकच उठलं, की त्याचा दंड धरावा आणि जिवाच्या आकांताने ओढावं. तिचा हात त्याच्या दंडावर गेलासुद्धा. बोटं आवळली. अंगणात तो तिच्या अंगावर कोसळला होता ते तिला आठवलं, आणि तिने बोट बोट करून हात सोडवला. तो हात तिने त्याच्या पाठीवर, दोन खांद्यांच्या मध्ये ठेवला आणि तळव्याने ठेका द्यायला लागली.

आधी काही झालं नाही. ठेका वेडावाकडा पडत होता. तिने ओठ चावला आणि जोरात, सावकाश मारायला लागली. धांग. थांब. धांग. देवजीच्या पाठीतून एक लहर गेल्यासारखी वाटली. उजवा पाय पाण्याखाली सरकला. मग डावा.

"बघू नको खाली," ती ओरडली. "समोर बघ. तिकडं, काळ्याच्या झापाकडं."

समोरच्या काठाला काळ्या नावाचा तरणा शेतकरी म्हशी चारायचा, त्याचं पेंढ्याचं झाप वर दिसत होतं. काळ्याने त्यांना पाहिलं होतं आणि तो उतारावरून धावत येत होता. पाण्यात शिरून त्याने सरळ देवजीचा हात पकडला.

"ओढू नको!" सोमी किंचाळली. काळ्या दचकून थांबला. "खालच्या अंगाला उभा राहा. नुसता उभा राहा."

तो तसा राहिला. मग तिघं सरकायला लागली. सोमी पाठीवर ठेका देत होती, देवजी पाऊल टाकत होता, मध्येच चिकटत होता, डोलत होता. पाणी पोटऱ्यांपर्यंत आलं. एक फांदी वाहत आली आणि सोमीच्या गुडघ्याला आदळून पुढे गेली. तिला दुखलं नाही. काठ जवळ आला तशी फरशी खचलेली होती. तिथे पाणी गुडघ्याच्या वर होतं आणि ओढ अशी की काळ्यासुद्धा वाकला. देवजी थांबला. ती मारत राहिली. तो हलेना. त्याचा सगळा भार काळ्यावर आला आणि सोमीला कळलं की आता ठेक्याने काही होणार नाही, हा माणूस संपत आला आहे.

"उचल त्याला," ती काळ्याला म्हणाली.

"तूच म्हणालीस ओढू नको."

"उचल!"

काळ्याने देवजीला कमरेत मिठी मारून उचललं, सोमीने खालून रेटलं, आणि तिघं काठाच्या चिखलात आडवी पडली. देवजी हातावर पडला. मनगटात कट् असा आवाज झाला तो सोमीने ऐकला. पाण्याचा घोष कानात असतानाही ऐकला. ती चिखलातून सरपटत त्याच्यापर्यंत गेली. त्याचा श्वास चालू होता, आणि तो तिच्याकडे बघत होता. तेवढं पाहिल्यावर मग तिला कापरं भरलं. पाणी उतरेपर्यंत ती काळ्याच्या झापात चुलीपुढे बसून होती, देवजीचा चांगला हात घट्ट धरून, आणि काळ्याने दिलेला चहा तिला पिता आला नाही.

दुसऱ्या दिवशी देवानंद आला. जव्हारला नेऊन बापाच्या हाताला प्लॅस्टर घातलं. दोन दिवसांनी नीता धावत आली. तिला कुणीतरी सांगितलं होतं. ती ओट्यावर बसली.

"बाबा, पेटी का काढून ठेवलीत?"

"तुम्हीच म्हणालात पाण्यापासून जपा," देवजी म्हणाला. "परक्याची वस्तू. ओली झाली असती म्हणजे?"

नीताने खुंटीकडे पाहिलं. पेटी कोरडी ठणठणीत होती.

"पेटी गेली तर दुसरी येते, बाबा. हे मी आधी सांगायला हवं होतं. ते सांगायचं राहिलं." सोमीने तिच्यापुढे पाण्याचा तांब्या सरकवला. तिला या मुलीचा राग आला होता, दोन दिवस आला होता, पण आता समोर बसलेली पाहून रागाने काही बोलावंसं वाटलं नाही.

"वरिष्ठांना कळवावं लागेल मला," नीता म्हणाली. "कदाचित ते पेटी परत मागतील."

"मागू दे," सोमी म्हणाली. "आता तो चालतोय कुठं?"

ते खरं होतं. देवजी बसला होता. पूर्वी पाय चिकटायचे, पण मन उठायचं. आता मनच उठेना. दाराकडे नजर गेली तरी त्याच्या कपाळावर घाम यायचा. सोमी त्याला खाटेवर पेज द्यायची, धरून परसात न्यायची आणि आणून बसवायची. आणि तिला बरं वाटत होतं. ही गोष्ट ती कुणाला सांगू शकली नसती. तो बसला आहे, दिसतो आहे, कुठे जाणार नाही. माळावर ती निवांत काम करत होती. ऐकायला काही नव्हतंच.

प्लॅस्टर निघालं तेव्हा भात पोटरीत आलं होतं. त्या दिवशी सोमीने त्याला उठवलं, तर त्याचे गुडघे सरळ होईनात. वाळलेल्या वेलीसारखा तो वाकलेलाच राहिला. तिने त्याला पुन्हा बसवलं. पाय चेपताना तिला जाणवलं, पोटऱ्या निम्म्या झाल्या आहेत.

नीता आली होती. पेटी परत मागितलेली नव्हती. संस्थेने उलट पेटीला रबराचं आवरण पाठवलं होतं. ती सोमीला बाजूला घेऊन म्हणाली, "मावशी, असेच बसले तर हिवाळ्यानंतर उठायचेच नाहीत. मग कुशीवर वळवायलाही माणूस लागेल."

"उठला आणि पडला तर?"

"पडतील. एखादवेळी पडतीलच."

"मग मी काय करू?"

"मलाही भीती वाटते," नीता म्हणाली.

ती गेल्यावर सोमी बराच वेळ चुलीपाशी बसली. मग उठली, खुंटीवरून पेटी काढली, देवजीच्या पायांशी बसून पट्टे बांधायला लागली. देवजीने पाय मागे घेतला.

"नको सोमे. मना भ्या वाटतो."

"मनापण वाटतो," ती म्हणाली आणि पट्टा आवळला. "उठ."

त्याला उभं करायला वेळ लागला. तो तिचा खांदा सोडेना. तिने शेजारी उभं राहून त्याला डोलवलं, आणि तिचा दुसरा हात जाऊन त्याच्या पाठीवर पडला. कितीतरी वेळाने पेटीतून धांग वाजलं, अगदी बारीक. त्या दिवशी ती दोघं दारापर्यंत गेली आणि परत आली. दुसऱ्या दिवशी दाराबाहेर. भात कापायला आलं तेव्हा देवजी काठी आणि पेटी घेऊन एकटा गोठ्यापर्यंत जाऊ लागला होता. पूर्वीएवढा नाही. मध्ये दोनदा पडला, एकदा कोपर सोलपटलं. ओहळाकडे तो पुन्हा गेला नाही. त्याला कुणी जा म्हणालं नाही. पलीकडचं खाचर काळ्याने अर्धलीने, निम्म्या वाट्यावर, कसायला घेतलं.

कापणीच्या दिवशी सोमी घराजवळच्या खाचरात विळा घेऊन बसली होती, शेजारी पोशी. अंगणातून संबळ येत होता. मधूनच थांबला. सोमीचा विळा थांबला. पोशीने तिच्याकडे पाहिलं.

"जातेस का?"

सोमीच्या छातीत तोच जुना दणका सुरू झाला होता. तो कधी जाणार नव्हता, हे तिला आता माहीत होतं.

"जाते थोड्या वेळानं," ती म्हणाली. तिने भाताची मूठ धरली, कापली, बाजूला ठेवली, आणि दुसरी मूठ धरली.